पेठ कुणाची, दुकान कुणाचे?

ओसाड माळावर पेठ वसवायची झाली म्हणजे पूर्वीचे राजे-सरदार आधी कौल देत असत. कौल म्हणजे अभयपत्र. उदमी लोकांनी निर्धास्त यावे, दुकाने थाटावीत, अमुक इतकी वर्षे त्यांना जकात माफ, वेठबेगार माफ, मग पुढे रिवाजाप्रमाणे घेतले जाईल, अशा आशयाचा तो कागद असे. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी इस्ताव्याचा कौल देत, त्यातही हीच युक्ती होती. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा चढा, तिसऱ्या वर्षी आणखी थोडा, असे करीत करीत काही वर्षांनी पूर्ण धारा भरावा लागे. पेशवाईत पुण्याच्या कित्येक पेठा अशाच सवलतींवर वसल्या. पेठ वसली की तिच्यावर शेटे-महाजन नेमले जात, वजनेमापे पाहिली जात, तंटे तुटत. आणि पेठ भरभराटीस आली की सरकारची जकातही सुरू होई.

यात गैर काही नव्हते. रस्ता, वेस, चौकी-पहारा यांचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असे. मात्र त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असे, ती ही की इस्ताव्याचा चढ किती आणि कोणत्या वर्षी, हे कौलातच लिहिलेले आहे. उद्याचा आकडा आज माहीत असला म्हणजे माणूस घर बांधतो, मुलीचे लग्न ठरवतो, कर्ज काढतो. आकडा माहीत नसला म्हणजे तो नुसता दिवस ढकलतो.

यंदाच्या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळांनी ज्या पेठेतून आकाशकंदील, कपडे आणि सुकामेवा मागविला असेल, तिला वेस नाही, चावडी नाही, आणि शेटे-महाजनही नाहीत. ती मोबाइलच्या काचेवर भरते. फ्लिपकार्ट २००७ साली बंगळूरला सुरू झाली; अमेरिकेतली अ‍ॅमेझॉन जून २०१३ मध्ये आपल्याकडे आली; २०१८ साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचे सुमारे ७७ टक्के भाग १६ अब्ज डॉलर मोजून घेतले. गिऱ्हाइकाला या पेठेत काय सोयी आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण काचेच्या पलीकडे जो विकायला बसला आहे, ज्याचे नाव वस्तूच्या चित्राखाली बारीक अक्षरांत ‘विक्रेता’ म्हणून छापलेले असते, त्याचे गाऱ्हाणे सहसा कोणी ऐकत नाही. ते गाऱ्हाणे दिसायला अगदी नवे आहे. परंतु त्याची मुळे फार जुनी आहेत, आणि त्यांतली काही तर आमच्या या सह्याद्रीच्या घाटवाटांतच सापडतात.

समजा, सावंतवाडीच्या चितार आळीतल्या एका कारागिराने लाकडी फळांची परडी या पेठेत विकायला ठेवली. पहिले काही दिवस कौल गोड असतो. मीशो या पेठेने २०२१ पासून दलाली शून्य अशी दवंडी पिटली. एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने तीनशे रुपयांच्या आतल्या पुष्कळशा वस्तूंवरची दलाली माफ केली. ऐकून बरे वाटते. पण वजावटीची बाब एकच नसते. विक्रीवर दलाली, प्रत्येक नगावर ठरावीक आकार, वाहतुकीचा खर्च, पेठेच्या गोदामात माल ठेवला तर त्याचे भाडे, आणि या सर्वांवर वस्तू व सेवा कर. शिवाय परडी गिऱ्हाइकाच्या नजरेस पडायची तर जाहिरातीचे पैसे वेगळे. जाहिरात देण्याची सक्ती कोणी करीत नाही. न दिली तर परडी विसाव्या पानावर जाते, एवढेच. इस्ताव्याचा चढ इथेही आहे. फरक असा की तो कौलात आधी लिहिलेला नसतो. दर बदलल्याची सूचना येते, ती मान्य करावी, नाहीतर दुकान उचलावे.

मग परताव्याची भानगड. गिऱ्हाईक वस्तू परत करते, हा त्याचा हक्क. परंतु गेलेली परडी परत येते तेव्हा कधी तिच्यातला आंबा नाहीसा झालेला असतो, कधी परडीच दुसरी असते. रोखीने पैसे देण्याच्या मागणीत तर दार न उघडताच पार्सल माघारी धाडले जाते. जाण्यायेण्याचा भुर्दंड बहुधा विकणाराच सोसतो. दाद मागायची तर छायाचित्रे काढा, ठरलेल्या दिवसांत पाठवा, आणि उत्तराची वाट पाहा. ते उत्तर पुष्कळदा यंत्रानेच लिहिलेले असते. जुन्या पेठेत तंटा झाला तर शेट्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत असे. इथे ओटाच नाही. माल वेळेवर पोचला नाही म्हणून विक्रेत्याचे गुण कापले जातात. आता श्रावणात घाटात दरड कोसळली आणि वाहतूक दोन दिवस बंद राहिली, तर त्यात कारागिराचा काय अपराध? आंबोलीचा पाऊस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो, हे यंत्राला कोण सांगणार? गुण फार खाली गेले की दुकानाला एके दिवशी कुलूप लागते, आणि आत अडकलेले पैसे सोडवीपर्यंत माणूस मेटाकुटीस येतो.

तथापि ही झाली पेठेतली गैरसोय. गैरसोय सोसून माणसे धंदा करतातच. खरी मेख याहून खोल आहे, आणि ती समजून घ्यायची तर जरा मागे, शिवकाळात जावे लागेल.

कुडाळ आंबोलीच्या पायथ्यापासून फारसे दूर नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठासंबंधी एक पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त होते. व्यापारी साहजिकच तिकडे वळत, आणि स्वराज्यातल्या मिठागरांचा माल पडून राहण्याची भीती होती. महाराजांनी आज्ञा केली की बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते आपल्या मिठाहून महाग पडावे. पेठेचा धनी जकातीचा काटा ज्या बाजूला झुकवील, त्या बाजूचा माल खपतो, हे त्या पत्रावरून लख्ख दिसते. इथे तो काटा गरीब आगरवाल्यांच्या बाजूने झुकला. महाराजांना स्वतःचे मिठाचे दुकान चालवायचे नव्हते, हे त्यातले मर्म.

त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हेच मर्म राजनीतीचा सिद्धान्त म्हणून आले. सावकार हे राज्याचे भूषण, त्यांच्यामुळे न मिळणारी वस्तू मिळते, संकटात कर्ज मिळते, म्हणून त्यांना मानाने बोलावून पेठा वसवाव्यात, असे अमात्य आवर्जून सांगतात. पण लगेच एक अपवाद करतात. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे टोपीकरही सावकारी करतात. परंतु ते इतर सावकारांसारखे नव्हेत, कारण त्यांच्यामागे त्यांचे राज्यकर्ते उभे आहेत. त्यांना समुद्रकाठी, खाडीमुखाशी जागा देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्यांचा इशारा आहे. अमात्यांना हे पुस्तकांत वाचावे लागले नव्हते. खाली वेंगुर्ल्यास वलंदेजांची, म्हणजे डच लोकांची, तटबंदीची वखार सतराव्या शतकातच उभी राहिली होती. तिचे पडके अवशेष आजही पाहावयास मिळतात. ज्याच्या एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात तोफ, त्याच्याशी घासाघीस कशी करणार?

अमात्यांची भीती खरी ठरली ती बंगालात. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने इंग्रज कंपनीला वर्षाला तीन हजार रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकात माफ केली. ही माफी कंपनीच्या मालापुरती. पण प्लासीनंतर कंपनीचे नोकर दस्तकाचा कागद दाखवून स्वतःचा खाजगी माल, मीठ, सुपारी, तंबाखू, फुकट नेऊ लागले. देशी व्यापारी मात्र नाक्यानाक्यावर जकात भरीत. एकाच रस्त्याने, एकाच बाजाराला निघालेले दोन गाडे. एकाला जकात, दुसऱ्याला माफी. नवाब मीर कासिमने तक्रार करून पाहिली. शेवटी १७६३ साली त्याने निराळाच डाव टाकला. सर्वांचीच जकात त्याने रद्द केली! आपल्या उत्पन्नावर पाणी सोडले, पण देशी व्यापाऱ्याला बरोबरीस आणले. ही बरोबरीच कंपनीला खपली नाही. युद्ध जुंपले, आणि ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सरच्या लढाईत त्याचा निकाल लागला. पुढे बंगालची दिवाणीच कंपनीच्या पदरात पडली. कुंपणाने शेत खाल्ले, आणि मग शेताचा सातबाराही कुंपणाच्या नावावर झाला.

आता पुन्हा आपल्या काचेवरच्या पेठेकडे वळू. पेठेच्या धन्याने तिथे स्वतःचे दुकान घालू नये, असाच आपल्या देशाचा नियम आहे. परदेशी भांडवलाच्या कंपनीला अशी पेठ चालविता येते. तीत स्वतःचा माल ठेवून थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. पण अ‍ॅमेझॉनने नारायण मूर्तींच्या कॅटामरान कंपनीशी भागी केली, आणि त्या भागीतून क्लाउडटेल नावाचा विक्रेता २०१४ पासून अ‍ॅमेझॉनच्याच पेठेत बसला. फेब्रुवारी २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे असे प्रसिद्ध केले की, २०१९ च्या आरंभी या पेठेत चार लाखांहून अधिक विक्रेते होते, आणि त्यांपैकी अवघ्या ३५ जणांकडे सुमारे दोन तृतीयांश विक्री होती. त्या ३५ मध्येही ज्या दोघांत अ‍ॅमेझॉनची अप्रत्यक्ष भागी होती, त्या दोघांचाच वाटा ३५ टक्के! चार लाख दुकानांची जत्रा, आणि गल्ला भरतो तो पस्तिसांचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात रॉयटर्सने आणखी एक वृत्त दिले. इतरांच्या कोणत्या वस्तू खपतात हे पाहून पेठेने तशाच वस्तू स्वतःच्या छापाने काढल्या, सदऱ्यांची मापेदेखील एका प्रसिद्ध छापावरून घेतली, आणि शोधणाऱ्याला आपल्या वस्तू वर दिसतील अशी तजवीज केली, असे त्यात म्हटले होते. कंपनीने दोन्ही आरोप नाकारले, हेही नमूद केले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्येच अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांच्या चौकशीचा हुकूम दिला होता. ती न्यायालयांत अडकली, सुटली, आणि काही ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याचा निष्कर्ष तपासात निघाल्याचे वृत्त २०२४ मध्ये आले.

आपल्याकडचा आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. सकाळी पाल ठोकायचे, ग्रामपंचायतीचा माणूस येतो, पावती फाडतो, ठरलेले पैसे घेतो आणि पुढच्या पालाकडे जातो. तो कोकमे किती खपली याची वही ठेवीत नाही. दुसऱ्या आठवड्याला ग्रामपंचायत स्वतःच कोकमांचे पाल घालून वेशीजवळ बसत नाही, आणि आपले पाल उचलून ओढ्याकाठी नेऊन टाकीत नाही. नव्या पेठेतील लहान विक्रेत्याची खरी धास्ती हीच आहे. तो ज्याला भाडे भरतो, त्याच्यापाशीच त्याच्या धंद्याची सारी वही असते. कोणता माल, कोणत्या गावी, कोणत्या भावाला गेला, सारे काही. उलट गिऱ्हाइकाचा पत्ता सहसा त्याच्यापाशी राहत नाही. दहा वर्षे विकूनही त्याची अशी गिऱ्हाइकी होत नाही. गिऱ्हाईक पेठेचे, तो फक्त पुडी बांधणारा.

कोकणातल्या आंबेवाल्याला हे दुःख नवे नाही. हापूसची पेटी मुंबईस, पूर्वी क्रॉफर्ड मार्केटात आणि पुढे वाशीला, दलालाकडे जायची; हंगामाच्या आधी त्याच्याकडून उचल घेतलेली असायची, म्हणून दुसऱ्याकडे माल नेण्याची सोय नसायची. मग काही दिवसांनी पट्टी यायची. पट्टीवर भाव दलाल लिहील तो. त्यातून आडत, हमाली, तोलाई, वाहतूक वजा, आणि उरेल ती रक्कम. भाव खरोखर काय फुटला, हे बागाईतदाराला देवगडात बसून कळायचे नाही. वऱ्हाडातल्या कापसाचीही तीच कथा. तिथे कारंजाला १८८६ साली नियंत्रित बाजार स्थापन झाला, १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला, पुढे मुंबई राज्यात १९२७ आणि १९३९ चे कायदे आले, आणि १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची चाल जाऊन उघडा लिलाव आला. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी, हे ठरायला मात्र २०१६ साल उजाडावे लागले. म्हणजे कारंजापासून मोजले तर एकशे तीस वर्षे! पट्टीतली एक ओळ खोडायला एवढा काळ लागतो, हे लक्षात ठेवावे. म्हणजे नव्या पेठेतल्या विक्रेत्याचे गाऱ्हाणे दोन-चार वर्षांत मिटेल, अशी भाबडी आशा राहत नाही.

पेठेइतकाच रस्त्याच्या मालकीलाही महत्त्व आहे. आमची आंबोली रस्त्यानेच घडविली. वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव यांमधली जुनी वाहतूक रामघाटाने, बैलांच्या पाठीवरून चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली घाटाची गाडीवाट झाली, आणि हे गाव त्या वाटेवरचा मुक्काम बनले. बंदरातून मीठ, नारळ, सुपारी वर येई. घाटावरून धान्य, कापूस, गूळ खाली उतरे. अशा वाटेवर गाडीवान, बैलांचा चारा विकणारे, भाकरीची दुकाने, सारी पोटे त्या रहदारीवर भरत. १८८८ साली मुरगावची रेल्वे कॅसल रॉकमार्गे सुरू झाली. माल तिकडे वळला, आणि वेंगुर्ल्याच्या व्यापाराला ओहोटी लागली. वाटेवरच्या दुकानदाराचा माल वाईट झाला नव्हता, भाव चढला नव्हता. वाट तेवढी वळली. नव्या पेठेत ही वाट घटकेत वळते. शोधणाऱ्याला आधी काय दाखवायचे याचा हिशेब यंत्राने बदलला, की काल पहिल्या पानावर असलेली परडी आज कोणाला दिसत नाही.

रेल्वेची गोष्ट निघालीच आहे, तर अमेरिकेने तिचे काय केले तेही पाहू. तिथल्या रेल्वे कंपन्या मोठ्या व्यापाऱ्यांना गुपचूप भाड्यात सूट देत आणि लहानांना पूर्ण भाडे लावीत. काही कंपन्यांच्या तर स्वतःच्या कोळशाच्या खाणी होत्या. मग परक्याच्या कोळशाला वाघिणी कशा मिळाव्यात? १८८७ साली भाड्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला, आणि १९०६ च्या हेपबर्न कायद्याने रेल्वेला, काही अपवाद सोडून, आपण स्वतः काढलेला माल आपल्याच गाड्यांतून विक्रीसाठी नेण्यास मनाई केली. वाट राखणाऱ्याने वाटेवर दुकान घालू नये, हाच त्याचा अर्थ. त्याच अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सतरा राज्यांसह अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये इतर विक्रेत्यांची खाजगी माहिती स्वतःच्या दुकानासाठी न वापरण्याचे वचन कंपनीकडून घेण्यात आले. आपल्याकडे डिसेंबर २०१८ च्या आदेशाने पेठेची भागी असलेल्या विक्रेत्याला त्या पेठेत विकण्यास बंदी झाली. तो फेब्रुवारी २०१९ पासून लागू होताच अ‍ॅमेझॉनने क्लाउडटेलमधला आपला भाग ४९ वरून २४ टक्क्यांवर आणला. आणि मे २०२२ मध्ये ती भागीच संपली. कायद्याने काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि कायद्याने सारे होते असे म्हणणाऱ्यांनी ४९ चे २४ कसे झाले, याचा विचार करावा.

कायद्याचा काटाही कधी लहानाच्याच पायात रुततो. अशा पेठेत माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला त्यातून सूट मिळाली, ही चांगली गोष्ट झाली. पण आंबोलीच्या घरगुती काजूवाल्याला तिचा उपयोग किती? इथून नागपूर शेकडो मैल दूर, पण ते आपल्या राज्यात. बेळगाव घाटमाथ्यावरून दीड-दोन तासांचे, परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ते परराज्य. ज्या गावाशी पिढ्यान्‌पिढ्या बैलांनी व्यापार केला, तिथे काजूची पुडी पाठवायची तर नोंदणी हवीच.

मग करावे काय? पेठ सोडून द्यावी, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. चितार आळीतली परडी आसामात पोचते, ती या पेठेमुळेच. हे काम आजवरच्या कोणत्याही पेठेला जमले नव्हते. पण एकाच वाटेवर सारी पेरणी करू नये, हे वेंगुर्ल्याच्या बंदराने शिकविले आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाशीची वाट अडली, तेव्हा कोकणातल्या कित्येक बागाईतदारांनी मुंबई-पुण्यातल्या गृहसंकुलांशी फोनवर बोलून आंब्याच्या पेट्या थेट दारात नेऊन दिल्या. त्या संकटात त्यांना दलालाच्या वहीत नसलेली एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता. पुष्कळांनी तो पुढेही जपून ठेवला. देवगडच्या आंबा उत्पादकांची सहकारी संस्था स्वतःच्या नावाने घरपोच आंबा विकते. कोणा एकाच्या मालकीची नसलेली पेठ उभारावी, म्हणून सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस ओएनडीसी नावाची संस्था स्थापन झाली. तिला बाळसे धरायला वेळ लागतो आहे, पण दिशा मीर कासिमचीच आहे: सर्वांना एकच जकात, एकच वाट.

आणि थोडेसे आपल्याही हाती आहे. या दिवाळीत घरी आलेल्या एखाद्या खोक्यावर विक्रेत्याचे नाव आणि गाव छापलेले असेल. ते फाडून केरात टाकण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे. आत माल पसंत पडण्याजोगा निघाला, आणि त्याला स्वतःचे दुकान वा फोन असला, तर पाडव्याच्या भाऊबिजेच्या भेटीसाठी दुसरी परडी त्याच्याकडूनच थेट मागवावी. दोन दिवस उशीर होईल, कदाचित टपालखर्चही पडेल. पण त्या दिवशी त्याच्या वहीत एका गिऱ्हाइकाचा पत्ता लिहिला जाईल, आणि तो पत्ता त्याचा स्वतःचा असेल.